दारलावे आणि सुनेचा कोळसा

आमच्या ह्यांना कामावर सगळे 'दारलावे' म्हणतात. हे आमचं आडनाव नाही. पण नव्याने लागलेल्या माणसाला ते आडनावच वाटतं, आणि एकदा तर सुट्या भागांचं एक खोकं चक्क 'श्री. दारलावे' अशा नावाने आलं. ह्यांनी ते मुकाट्याने सही करून घेतलं.

आम्ही दोघंही एकाच शीतगृहात काम करतो. डोंगरउतारावरच्या बागांमधली नाशपाती काढणी झाली की तिथे येते आणि महिनोन्महिने राहते. मी फळांच्या प्रतवारीच्या शेडमध्ये आहे, हे खोल्या सांभाळतात. आणि खोल्या सांभाळायच्या म्हणजे मुख्यतः दारं सांभाळायची, असं ह्यांचं ठाम मत आहे. कुणीही कुठल्याही दारातून पुढे गेलं की मागून आवाज येतो, "दार लावा." तो आवाज ना रागाचा ना विनंतीचा. घड्याळाने टोल द्यावा तसा तो येतो. घरीही तेच. कपाटाचं दार, फ्रिजचं दार, बाथरूमचं दार, काही म्हणून सुटत नाही. आमच्या लग्नाच्या फोटोत माझी नजर ह्यांच्याकडे आहे आणि ह्यांची नजर हॉलच्या उघड्या राहिलेल्या दाराकडे आहे. फोटो अजून भिंतीवर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो आवर्जून दाखवते.

पण दारांच्या बाबतीत ह्यांचं चुकत नाही, हे मलाही मान्य करावं लागतं. तोडलेलं फळ मेलेलं नसतं, ते श्वास घेत असतं. जितका जोरात श्वास, तितकं लवकर पिकून बसतं. म्हणून खोली गार करायची, हवाबंद करायची आणि आतला ऑक्सिजन अगदी कमी ठेवायचा, म्हणजे फळ झोपून राहतं. पण झोपलेलं फळही थोडाथोडा कार्बन डायऑक्साइड सोडतच असतं. तो बंद खोलीत साठत गेला की नाशपाती आतून तपकिरी पडते. बाहेरून राजबिंडं फळ, आणि कापावं तर गाभा खराब. म्हणून प्रत्येक खोलीतली हवा एका यंत्रातून फिरवतात. यंत्र म्हणजे कोळशाच्या दाण्यांनी भरलेलं मोठं पिंप. खोलीतली हवा त्यातून जाते, कोळसा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो, स्वच्छ हवा परत खोलीत जाते. कोळसा भरला की खोलीकडची वाट बंद करायची आणि साध्या हवेचा झोत मारायचा. मग तो धरलेलं सोडून देतो आणि पुन्हा कामाला लागतो. आम्ही त्या यंत्राला धोबी म्हणतो, कारण तो हवा धुतो.

आता आमची सून. आमची सून प्रयोगशाळेत कोळसा बनवते. हे मी पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे सहानुभूतीने बघितलं. खरं म्हणजे ती फार हुशार मुलगी आहे. मुलगा आमचा गारव्याचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर असतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती आमच्याकडेच येते. तिच्या बाह्यांवर भट्टीचे बारीक डाग असतात आणि नखांत काळं असतं. जॅमच्या कारखान्यातून ती जर्दाळूच्या बियांची टणक कवचं पोत्याने आणते, दळते, त्यात युरिया मिसळते आणि हवा नसलेल्या भट्टीत भाजते. युरियातला नायट्रोजन कोळशाच्या अंगात मुरतो. मुरला तर मुरतो, नाहीतर धूर होऊन निघून जातो, आणि तो मुरवण्यातच तिची इतकी वर्षं गेली होती.

जेवताना तिने आम्हाला एकदा समजावलं होतं. कोळसा आतून भोकाभोकांचा असतो, गल्ल्याच गल्ल्या. साध्या कोळशात त्या गल्ल्यांच्या भिंती गुळगुळीत असतात, कार्बन डायऑक्साइड येतो आणि घसरून जातो. नायट्रोजन असला की भिंतीला खुंट्या असल्यासारखं होतं, पाहुणा टांगून राहतो. आणि झोत मारला की निघूनही जातो, हट्ट करत नाही. ह्यांनी घास खाली ठेवून विचारलं की खुंट्या कालांतराने निखळत नाहीत ना. ती म्हणाली, नाही बाबा, त्या ठोकलेल्या नाहीत, विटेतच घडवलेल्या आहेत. ह्यांना ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या शेडला ते ऐकावं लागलं, जणू वीट ह्यांनीच भाजली होती.

त्या हंगामात फळ भरपूर आलं. जुना धोबी दोन खोल्यांनाच पुरेनासा झाला होता, तीन नंबरच्या खोलीचं काय करायचं हा प्रश्न होता. सुनेच्या संस्थेला आपला कोळसा खऱ्याखुऱ्या जागी वापरून बघायचा होता. हे स्वतः आमच्या मालकीणबाईंकडे गेले. मालकीणबाई म्हणजे शिस्तीचं काम. चष्म्याच्या वरून बघतात आणि एका वाक्यात निकाल देतात. त्या म्हणाल्या, करा, पण खोलीतला कार्बन डायऑक्साइडचा आकडा एक टक्क्याला टेकला तर मी दार उघडणार. ह्यांनी ते कबूल केलं आणि वर सांगून आले की तीन नंबरची जबाबदारी माझी.

दार उघडणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. एकदा दार उघडलं की हवा आत शिरते, फळ जागं होतं, आणि मग ते पुन्हा झोपवता येत नाही. कितीतरी बागायतदारांचा माल त्या एका खोलीत असतो. सगळा एकदम बाजारात काढायचा, तोही सगळ्यांचा माल बाजारात असताना. आणि सुनेचा कोळसा तर सरळ कचऱ्यात गेला असता. त्या दिवसांत एकदा माझ्याबरोबर कपडे वाळत घालताना ती म्हणाली होती, "आई, प्रयोगशाळेत चालतं, प्रयोगशाळेत चालतं, हे सांगून सांगून मी थकले. एकदा कुठेतरी खरंच चाललं पाहिजे. इथे नाही चाललं तर मी हे सोडून देईन." हे ती रडून नाही बोलली. चादरीचं टोक माझ्या हातात देत अगदी साधेपणाने बोलली, म्हणूनच मला जास्त लागलं.

जुन्या धोब्याची शेड पलीकडे आहे. नवा धोबी तीन नंबरच्या मागच्या छोट्या खोलीत बसवला. पिंपात दाणे सुनेने स्वतः भरले, तोंडाला फडकं बांधून. खोली भरली, ह्यांनी दार लावलं, कडेने हात फिरवून फट राहिली नाही ना ते बघितलं, आणि नवा धोबी सुरू झाला. आकडा खाली राहिला. जुन्यापेक्षाही खाली. हे घरी येऊन जेवताना आकडा सांगायचे आणि मी वाढता वाढता ऐकायची.

मग निरोप आला की सुनेच्या साहेबीणबाई आणि आणखी दोघं यंत्र बघायला येणार आहेत. झालं. ह्यांच्या अंगात आलं. सुनेची माणसं येणार आणि यंत्राची खोली अशी पोपडे आलेली. कुणाला न विचारता ह्यांनी तेलरंगाचे डबे आणले, फिक्या हिरव्या रंगाचे, आधीही भिंती त्याच रंगाच्या होत्या. एका दिवसात एकट्याने चारी भिंती आणि छत रंगवलं. संध्याकाळी घरी आले ते केसांत हिरवे ठिपके घेऊन. कपड्यांना इतका वास की मी ते बाल्कनीत टांगले. मी विचारलं, उद्या पाहुणे येणार आणि खोलीत हा असा वास असणार, त्याचं काय? हे मिश्कील हसले. धोब्याला हवेचा झोत मारणारा जो पंखा आहे तो त्याच खोलीतली हवा ओढतो आणि पिंपातून बाहेर फेकतो. तोच ह्यांनी चालू ठेवला होता. सकाळपर्यंत वास ओढून बाहेर टाकेल, म्हणाले.

आणि खरंच, सकाळी वास नव्हता. ह्यांनी मला मुद्दाम नेऊन दाखवलं. "बघ, कसला भारी रंग आणलाय. एका रात्रीत वास गायब." आमची झोपायची खोली रंगवली होती तेव्हा पंधरा दिवस माझं डोकं दुखत होतं. मला नवल वाटायला हवं होतं, पण मला फक्त दुकानदाराचा राग आला, की आम्हाला तेव्हा हा रंग का नाही दिला.

पाहुणे आले, बघून गेले. सून त्यांच्या मागेपुढे करण्यात इतकी गुंतली होती की तिचं भिंतींकडे लक्ष कुठलं असणार. निघताना एवढंच म्हणाली, बाबा, खोली किती छान पुसून घेतलीत. ह्यांनी नुसती मान डोलावली. आपण होऊन सांगायचं नाही, समोरच्याने ओळखावं, ही ह्यांची जुनी खोड. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या खोडीपायी मी किती गोष्टी ओळखत बसले ते माझं मला माहीत.

त्यानंतर आकडा चढायला लागला. एकदम नाही. झोपलेलं फळ हळूहळू श्वास सोडतं, त्यामुळे आकडाही हळूहळू चढतो, आणि तेच जास्त जीवघेणं असतं. हे रोज जेवताना आकडा सांगायचे, ते आता सांगेनासे झाले. सुनेने येऊन नळ्या बघितल्या, झडपा बघितल्या, पंखा बघितला. सगळं ठाकठीक. मग पिंपातला मूठभर कोळसा ती प्रयोगशाळेत घेऊन गेली आणि तपासला. एकदम ठणठणीत. नव्यासारखा. परत दुसरा मूठभर नेला, तोही तसाच. म्हणजे प्रयोगशाळेत शहाणा आणि इथे आडमुठा. जावई सासरी वागतो तसं, मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

तीन नंबरच्या दाराला एक छोटी खिडकी आहे. माणसाला आत जाता येत नाही, आतल्या हवेत माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून नमुन्याची फळं जाळीत घालून खिडकीजवळच टांगलेली असतात आणि हूक लावलेल्या काठीने ओढून काढायची असतात. ती कापून बघणं माझं काम. आयुष्यात मी किती नाशपाती कापल्या असतील, पण त्या दिवसांत सुरी लावण्याआधी मी फळ दोनदा फिरवून बघायची. फळ अजून पांढरं होतं. पण अजून, एवढंच. हे माझ्या खांद्यावरून बघायचे आणि निघून जायचे, आणि जाताना शेडचं दार सताड उघडं राहायचं. ह्यांनी दार लावा म्हणणं बंद केलं होतं. आधी सगळ्यांना गंमत वाटली. मग प्रतवारीला बसणाऱ्या पोरी स्वतःहून दारं लावायला लागल्या, आणि एकजण मला हळूच विचारून गेली की काकांची तब्येत बरी आहे ना.

शुक्रवारी मालकीणबाईंनी सांगितलं की सोमवारी सकाळी दार उघडायचं. आकडा एकला टेकला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

शनिवारी दुपारी सून घरी आली, हातात कोळशाचा डबा. तिचा चेहरा ओढलेला होता. तिच्या मनात एकच शंका उरली होती, की कोळशाने पाणी धरलंय. खोलीत दमटपणा असतोच. कोळसा वाळवून आधीचं आणि नंतरचं वजन केलं की किती पाणी होतं ते कळलं असतं. पण तिच्या संस्थेला सुट्टी होती, आणि आई, तुमची भट्टी वापरू का, असं तिने विचारलं. भट्टी म्हणजे आमचा केक-बिस्किटांचा ओव्हन. मी म्हटलं, वापर, पण ट्रेमध्ये कागद घाल. तिने माझ्या वजनकाट्यावर कोळसा तोलला, ट्रेमध्ये पसरला, ओव्हन तापवला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मी बाल्कनीत कपडे काढायला गेले.

परत आले तेव्हा मी सहज म्हटलं, "रंग कोण देतंय? वरच्यांकडे काम निघालंय का?"

सून वळली. तिने हवेत नाक वर केलं, मग खाली वाकली आणि ओव्हनच्या दाराशी तोंड नेलं. मी ओरडले, भाजशील. ती तशीच वाकलेली. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं की आई, हा वास तुम्हाला कशाचा वाटतो. मी म्हटलं, कशाचा म्हणजे, तेलरंगाचा, तुझे बाबा त्या दिवशी आले तेव्हा ह्यांच्या कपड्यांना येत होता तसाच. कोणत्या दिवशी? तुझे पाहुणे येणार होते त्याच्या आदल्या दिवशी. कुठे दिला होता रंग? मी सांगितलं. पंख्याचंही सांगितलं.

ती जमिनीवरच बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. बघते तर ती तोंडावर हात घेऊन हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

त्याच वेळी हे बाजाराची पिशवी घेऊन आत आले. तिने खाली बसूनच विचारलं, "बाबा, यंत्राच्या खोलीला रंग दिलात?"

आणि काय सांगू, कितीतरी दिवसांनी ह्यांचा चेहरा उजळला. "दिसलं का तुला? मला वाटलं, कुणाच्या लक्षातच आलं नाही."

मग तिने सांगितलं. रंगाचा वास म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाची वाफ. ती जड आणि चिकट. पंखा रात्रभर तीच वाफ ओढून कोळशात घालत होता. बाहेर काहीच गेलं नाही, म्हणून तर वास गायब झाला. कार्बन डायऑक्साइडच्या गल्ल्या आणि खुंट्या सगळ्या ओल्या जड कोटांनी भरून गेल्या, आणि गार हवेच्या झोताने ते कोट हलत नाहीत, त्याला उष्णता लागते. प्रयोगशाळेत तर नियमच आहे, की मोजण्याआधी कोळसा बंद नळीत तापवून आतलं सगळं काढून टाकायचं. म्हणजे प्रत्येक वेळी तपासणीच्या आधी ती स्वतःच रंगाची वाफ उडवून टाकत होती आणि मग स्वच्छ झालेला कोळसा ठणठणीत निघत होता.

ह्यांनी पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढून बसले. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे मीच केलं हे," एवढंच म्हणाले.

सून उठली आणि ह्यांच्यासमोर येऊन बसली. "बाबा, कोळसा चांगला आहे. तुम्ही दिलं ते सगळं त्याने धरून ठेवलं. रात्रभराच्या रंगातलं काही सोडलं नाही. मला काळजी होती की त्याला धरताच येत नाहीये." आणि मग तिने ह्यांचा हात हातात घेतला. आमच्या घरात कुणी कुणाचा हात असा धरत नाही. मी ओव्हन बंद करायला गेले, कारण मला तिथे उभं राहवेना.

हे त्याच संध्याकाळी मालकीणबाईंच्या घरी गेले. मी म्हटलं, सुनेला न्या, ती नीट सांगेल. नको म्हणाले. रंग मी दिला, मीच सांगणार. मी मात्र मागोमाग गेले, ह्यांना एकट्याला सोडायची माझी तयारी नव्हती. मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्म्याच्या वरून बघितलं. विचारलं की मला न विचारता रंग का दिला. हे म्हणाले, "पाहुणे यायचे होते."

मालकीणबाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं की हे निस्तरता येतं का. गरम हवा सोडली तर येतं, असं सुनेचं म्हणणं आहे, हे मी मध्येच बोलले. त्या म्हणाल्या, रविवार तुमचा, सोमवारी सकाळी मी येते. एवढंच. पण दार लावताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं मी बघितलं आणि मला जरा धीर आला.

रविवारी सुनेने साहेबीणबाईंना फोन करून बंद संस्था उघडायला लावली आणि हवा तापवायचं यंत्र मागवून घेतलं. आधी पंख्याचं तोंड नळी लावून खोलीबाहेर, मोकळ्या हवेत काढलं. मग पिंपातून गरम हवा सोडली. पिंपाची बाहेरची नळी अंगणात निघते, तिच्याजवळ हे स्टूल टाकून बसले. सुनेकडे मोजायचं साधन होतं, पण ह्यांचा हट्ट, की वास मी लावला, वास गेला का ते मीच बघणार. पहिल्यांदा नळीतून असा भपकारा आला की शेजारच्या कुंपणावरचे पक्षी उठले. सकाळी हे नाक लावायचे आणि तोंड वाकडं करायचे. दुपारी तोंड कमी वाकडं झालं. मी तिथेच जेवण नेलं, तर म्हणाले, रंगाची चव लागतेय, तरी जेवले. ऊन उतरायला लागलं तेव्हा ह्यांनी नळीजवळ नाक नेलं आणि तसेच थांबले. परत नेलं. मग सुनेला हाक मारली. तिने तिचं साधन लावलं, बघितलं आणि मान हलवली. धोबी परत तीन नंबरला जोडला.

सोमवारी सकाळी मालकीणबाई आल्या तेव्हा आकडा खाली आला होता. थोडासाच, पण खाली. त्या तिथेच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आणखी उतरला. मालकीणबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कापा."

मी हुकाच्या काठीने जाळी ओढली, फळ घेतलं, फळीवर ठेवलं आणि सुरी लावली. दोन फोडी बाजूला झाल्या. देठापासून बुडापर्यंत पांढरं. गाभ्याशी पांढरं. मी दुसरं कापलं, तिसरं कापलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी चौथंही कापलं. सगळी पांढरी. माझा जीव भांड्यात पडला. इतका, की मला बसावंच लागलं, फळांच्या पेटीवर, सुरी हातात धरून.

मालकीणबाईंनी एक फोड उचलून खाल्ली. म्हणाल्या, दार बंदच राहू दे. मग ह्यांच्याकडे बघून, "पुढच्या वेळी पाहुणे आले तर फक्त चहा द्या." आणि निघून गेल्या. सून मागच्या यंत्राच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती, त्याच हिरव्या भिंतीकडे, आणि तिचे खांदे हलत होते. हे तिच्यापासून हातभर अंतरावर उभे राहिले. काय करावं ते ह्यांना सुचेना. शेवटी ह्यांनी एक फोड पुढे केली. तिने ती घेतली.

दुपारी हे यंत्राच्या खोलीवर पाटी लावायला निघाले, 'इथे रंग देऊ नये'. हातात फळी, ब्रश आणि हिरव्या रंगाचा उरलेला डबा. सुनेने धावत जाऊन डबा काढून घेतला आणि खडू दिला. ती खडूची पाटी अजून तिथे आहे, अधूनमधून पुसट होते, हे पुन्हा गिरवतात. तीन नंबरची नाशपाती हंगामाच्या शेवटी निघाली, तेव्हा सगळ्या खोल्यांमध्ये तीच सगळ्यात टवटवीत होती. सुनेचा कोळसा आता एक नंबरलाही लागणार आहे.

पण मला आठवतो तो सोमवारच. मी पेटीवरून उठले, कापलेली फळं सगळ्या पोरींना वाटली, स्वतः एक फोड तोंडात टाकली आणि शेडमध्ये माझ्या जागेवर जाऊन बसले. मागे दार उघडं राहिलं होतं. गोड रस हनुवटीवर ओघळत होता आणि मी विचार करत होते की इतके दिवस शेड किती शांत झाली होती. तेवढ्यात लांबून, तीन नंबरच्या कोपऱ्यावरून आवाज आला.

"दार लावा."

सगळ्या पोरी हसल्या. एवढी वर्षं मी त्या हाकेला कधी भीक घातली नव्हती. त्या दिवशी मी उठले, आणि दार लावलं.